गुराख्याचे बूट व बिनभरतीचें खोगीर

गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या चार वर्षांनीं टेक्सासहून घरीं आला, तेव्हां त्यानें दाराशीं काढून ठेविलेल्या बुटांभोवतीं घरांतील लहानथोर सारीं जमा झालीं. बूट पोटरीइतके उंच व तांबूस रंगाचे होते. नळीवर दोऱ्यांची वेलबुट्टी काढलेली होती. ते पुढें निमुळते होते, आणि खालीं पुरुषाच्या बुटास शोभूं नये अशी उंच टांच होती. आमच्या मातुश्री म्हणाल्या, "अरे, हे पायांत घालून चालायचें तरी कसें?" पुतण्या हंसून म्हणाला, "आजी, हे मुळीं चालण्यासाठीं नाहींतच. घोड्यावर बसण्यासाठीं आहेत." "मग घोडा कुठें ठेवलास?" या दुसऱ्या प्रश्नाला मात्र त्याच्यापाशीं उत्तर नव्हतें.

हे बूट दुकानांत तयार घेतलेले नव्हते. टेक्सासमधील एका लहान गांवीं एकटाच काम करणारा एक वृद्ध कारागीर आहे. त्याच्याकडे जाऊन पुतण्यानें पायांचें माप दिलें, आणि बूट हातीं आले ते चौदा महिन्यांनीं. किंमत त्यानें शेवटपर्यंत सांगितली नाहीं. त्यावरूनच ती किती असावी हें आमच्या वहिनींनीं ओळखलें. "बुटांसाठीं चौदा महिने थांबावें, असें त्यांत आहे तरी काय?" असें त्यांनीं विचारलें. प्रश्न मला रास्त वाटला. त्याचें उत्तर शोधतां शोधतां जी माहिती मिळाली, ती येथें वाचकांपुढें ठेवीत आहे.

टांच उंच कां?

आपल्याकडचा गुराखी पायीं चालतो, आणि त्याचीं गुरें दिवेलागणीला गांवांत परततात. अमेरिकेंतील काऊबॉय हाही गुराखीच. परंतु त्याचें काम निराळ्या जातीचें. तेथील यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें, तेव्हां टेक्सासच्या माळरानांवर लांब शिंगांच्या गुरांचे अफाट कळप मोकळे फिरत होते. तेथें त्यांना गिऱ्हाईक नव्हतें. उत्तरेकडील शहरांत मात्र मांसाच्या बाजारीं त्यांना चांगला भाव येई. १८६७ सालीं कॅन्ससमधील ॲबिलीन या आगगाडीच्या ठाण्यावर गुरांचा बाजार भरूं लागला, आणि शेकडों मैल कळप हांकीत तेथवर नेण्याचा धंदा सुरू झाला. या प्रवासाला दोन-तीन महिने लागत. तितके दिवस गुराख्याचें घर म्हणजे घोड्याची पाठ.

अशा स्वाराला सर्वांत मोठें भय असे तें रिकिबीचें. घोडा बुजला, स्वार खालीं पडला आणि पाय रिकिबींत अडकून राहिला, तर घोडा त्याला काट्याकुट्यांतून फरफटत नेई, आणि त्यांतून जिवंत सुटणें कठीण होतें. म्हणून त्याच्या बुटाला एकमेकांविरुद्ध दिसणाऱ्या दोन गोष्टी साधाव्या लागत. पाय रिकिबींतून आरपार पुढें जातां कामा नये, आणि प्रसंग पडतांच तो चटकन् बाहेरही निघाला पाहिजे. उंच टांच पहिलें काम करते. ती रिकिबीला अडते. दुसरें काम बाकीचा बूट करतो. पुढला भाग निमुळता असल्यानें रिकीब न पाहतांही सांपडते; तळ गुळगुळीत कातड्याचा असल्यानें पाय सरकतो; आणि नळी सैल व बिनबंदांची असल्यानें बूट अडकलाच तर पाय बुटांतून सुटून येतो. नळी उंच असते ती कांटेरी झुडुपांपासून व रिकिबीच्या पट्ट्याच्या घर्षणापासून पोटरी वांचावी म्हणून. नळीवरच्या ज्या वेलबुट्टीचें आमच्या मुलींना कौतुक वाटलें, तीही केवळ हौसेची नाहीं. त्या टांक्यांनीं बाहेरचें कातडें व आंतील अस्तर एकजीव होतात, आणि नळी ताठ उभी राहते.

हा आकार कोणीं प्रथम घडविला, याबद्दल वाद आहेत. कॅन्ससमधील ओलेथा गांवच्या चार्ल्स हायर या कारागिराकडे १८७५ च्या सुमारास एक गुराखी आला व त्यानें उंच टांचेचा, निमुळता बूट करून मागितला, अशी एक आख्यायिका आहे. १८७९ सालीं एच. जे. जस्टिन यानें रेड नदीच्या कांठीं स्पॅनिश फोर्ट या खेड्यांत दुकान घातलें. कळप घेऊन उत्तरेकडे जाणारे गुराखी जातांना त्याच्याकडे माप देत व परततांना बूट घेऊन जात, असें सांगतात. १८८३ सालीं सॅन अँटोनियो शहरांत सिसिलीहून आलेल्या लुकेसी बंधूंनीं आपलें दुकान थाटलें. हीं नांवें आजही त्या धंद्यांत ऐकूं येतात.

चौदा महिने कोठें जातात?

गिऱ्हाईक आलें कीं कारागीर त्याला प्रथम कागदावर उभें करतो आणि पायाभोवतीं पेन्सिल फिरवून आकृति काढतो. उजव्या व डाव्या पायांच्या आकृति वेगवेगळ्या काढाव्या लागतात, कारण कोणाचेही दोन पाय अगदीं सारखे नसतात. मग चवड्याचा घेर, मधल्या कमानीचा घेर, पावलाच्या उंचवट्याचा घेर, टांचेवरून तिरपा घेर आणि पोटरीचा घेर, अशीं मापें फितीनें घेतात. या मापांबरहुकूम फर्मा तयार होतो. मूळ फर्म्यावर जेथें पाय भरलेला असेल तेथें कातड्याचे तुकडे चिकटवून व तासून त्याला त्या माणसाच्या पायाचा आकार देतात. पायावर कुरूप असेल, जुनी दुखापत असेल, तर तीही फर्म्यावर उमटते. जस्टिन व त्याची पत्नी ॲनी यांनीं घरबसल्या माप घेण्याचें साहित्य टपालानें पाठविण्याची युक्ति काढली; त्यामुळें दूरच्या रानांतील गुराख्यालाही मापाचे बूट मिळूं लागले.

कातडें हें सपाट, आणि पाऊल वांकलेलें. म्हणून पावलावरच्या भागाचें कातडें भिजवून, वांकड्या फळीवर ताणून, खिळे मारून वाळवितात. तें एकदां वळलें कीं वळण सोडीत नाहीं. नळीचे दोन भाग बाजूंनीं शिवतात. मग ओलें कातडें फर्म्यावर ओढून आंतल्या तळाशीं गच्च बसवितात. त्यानंतर येतो बुटाचा खरा गाभा. आंतल्या तळाला व वरच्या कातड्याला मेण लावलेल्या दोऱ्यानें एक अरुंद पट्टी चहूंकडून हातानें शिवतात, आणि बाहेरचा तळ शिवतात तो केवळ या पट्टीला. पावलाच्या कमानीखालीं पोलादी पट्टी बसवितात, कारण रिकिबीवर उभ्या राहिलेल्या स्वाराचा सारा भार तेथें येतो. जुने कारागीर यासाठीं एक लांब लोखंडी खिळा ठोकून चपटा करीत व तोच तेथें घालीत. या भागांत तळ पक्का करण्यासाठीं लोखंडी खिळे न मारतां कठीण लाकडाच्या बारीक खुंट्या मारतात. पाण्यानें कातडें फुगलें तर खुंटीही फुगते, आणि तें वाळलें तर तीही आटते. म्हणून ती सैल होत नाहीं व गंजतही नाहीं. टांच कातड्याचे थर एकावर एक रचून चढवितात. शेवटीं नळीच्या आंत, कोणास दिसणार नाहीं अशा जागीं, गिऱ्हाइकाचें नांव व तारीख शाईनें लिहिण्याची अनेक कारागिरांची रीत आहे.

नोकोनाच्या इनिडबाई

या धंद्यांतील एका स्त्रीची हकीकत आमच्या भगिनीवर्गाला विशेष वाचनीय वाटेल. आगगाडी आली म्हणून जस्टिन यानें १८८९ सालीं आपलें दुकान जवळच्या नोकोना गांवीं हलविलें होतें. तेथें १८९४ सालीं त्याला इनिड नांवाची कन्या झाली. ती बाराव्या वर्षापासून वडिलांच्या दुकानांत कामाला बसूं लागली. १९१८ सालीं वडील वारले. पुढें १९२५ सालीं भावांनीं कारखाना फोर्ट वर्थ या मोठ्या शहरीं नेण्याचें ठरविलें. वडिलांनीं धंदा ज्या गांवांत वाढविला तें गांव सोडणें इनिडबाईंना पसंत पडलें नाहीं. त्या मागें राहिल्या, कर्ज काढलें, आणि मोजक्या कामगारांच्या साह्यानें नोकोना बूट कंपनी या नांवानें स्वतःचा कारखाना सुरू केला. बाईनें चालविलेल्या कारखान्याचे बूट घ्यावे कीं नाहीं, याबद्दल प्रारंभीं पुरुष गिऱ्हाइकांचें मन घेईना. तेव्हां त्या स्वतः मोटार घेऊन गांवोगांव माल विकीत हिंडल्या. १९८१ सालीं ही कंपनी पुन्हां जस्टिन कंपनींत विलीन झाली. १९९० सालीं इनिडबाई वारल्या, आणि १९९९ सालीं नोकोनाचा कारखाना बंद पडला.

खोगीर

आपण निरुपयोगी सामग्रीला 'खोगीरभरती' म्हणतों. लेखांत, समितींत, लग्नाच्या पंगतींत, कोठेंही हा शब्द वापरतों. परंतु खऱ्या खोगिरांत काय भरतात हें पाहिलेलीं माणसें आतां थोडींच उरलीं असतील. खोगीर हा शब्द फारसी आहे. त्याचा मूळ अर्थ घाम टिपणारें, म्हणजे घोड्याच्या पाठीवरचें जाड कापड. जीन, लगाम, रिकीब हे शब्दही फारसी-अरबींतूनच मराठ्यांच्या घोडदळाबरोबर आपल्या भाषेंत रुळले. अमेरिकेच्या गुराख्याचा शब्दसंग्रह तसाच स्पॅनिश आहे, कारण घोडा व खोगीर तेथें स्पॅनिश लोकांनींच नेले. १५१९ सालीं कोर्तेस मेक्सिकोंत घोडे घेऊन उतरला. पुढें तेथील घोडेस्वार गुराख्यांनीं, म्हणजे वाकेरोंनीं, लढाईचें खोगीर गुरांच्या कामासाठीं बदलून घेतलें. टेक्सास व कॅलिफोर्नियाच्या गुराख्यांनीं तेंच उचललें.

या खोगिरांत भरती नसते. त्याच्या पोटांत असतो एक लाकडी सांगाडा. घोड्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना बसतील अशा दोन लांब फळ्या, पुढें त्यांना जोडणारी कमान व मागें टेका, एवढाच तो. स्वाराचा भार या फळ्यांवरून पाठीच्या मांसल भागावर पसरतो. कण्याला स्पर्श होत नाहीं. सांगाड्यावर ओलें कच्चें कातडें ताणून शिवतात. तें वाळतांना आटतें आणि लाकडाला असें आवळून धरतें कीं लोखंडी पट्ट्यांची गरज पडूं नये. पुढल्या कमानीवर जो खुंट असतो, त्याला तिकडे शिंग म्हणतात. फांसांत सांपडलेल्या बैलाचा दोर गुराखी या शिंगाला गुंडाळतो. कित्येक मणांचें जनावर झटका देतें तेव्हां तो झटका शिंगांतून सांगाड्यांत, सांगाड्यांतून तंगांत, व तेथून साऱ्या घोड्याच्या अंगावर जातो. सांगाडा कच्चा असेल तर खोगीर मोडतें. तो घोड्याच्या पाठीला न जुळणारा असेल तर पाठ सोलते. म्हणून चांगला कारागीर स्वाराचें माप घेण्याआधीं घोड्याची पाठ पाहतो.

सांगाड्यावर बैठकीचे थर, त्यावर ताणलेलें मोठें कातडें, बाजूंना रुंद पट्टे व लाकडी रिकिबी, आणि खालीं घोड्याच्या बाजूस लोकरीसकट मेंढीचें कातडें, अशी रचना करीत तीस-चाळीस पौंडांचें खोगीर उभें राहतें. त्याचें कातडें झाडांच्या सालींनीं कमावलेलें असतें. कोल्हापुरी वहाणेचें कातडेंही हिरडा व बाभळीची साल यांनींच कमावितात. दोहोंची जात एक. असें कातडें किंचित् ओलसर केलें कीं त्यावर सुरीनें व ठशांनीं उमटविलेली नक्षी वाळल्यावर कायम राहते. वायोमिंगमधील शेरिडन गांवचे कारागीर खोगिरावर रानगुलाबांच्या वेली कोरतात, आणि त्या गांवाच्या नांवानें ती पद्धत ओळखली जाते.

कळप हांकण्याच्या काळीं गुराख्याचा पगार महिन्याला तीस-चाळीस डॉलर असे, आणि चांगल्या खोगिराला तेवढे तरी पैसे पडत. घोडा बहुधा मालकाचा, पण खोगीर स्वतःचें. अमक्यानें खोगीर विकलें असें तिकडे म्हणत, तेव्हां तो माणूस सर्वस्वीं बुडाला असा अर्थ होई.

दुरुस्ती

कांटेरी तारेचें पेटंट १८७४ सालीं निघालें, कुरणांना कुंपणें पडलीं, आगगाडी टेक्सासांत पोंचली, आणि वीसएक वर्षांत कळप हांकण्याचा धंदा संपला. बूट मात्र राहिले. चित्रपटांतील नटांनीं त्यांना रंगीत केलें, आणि घोड्यावर कधींही न बसलेले लोक ते घालूं लागले. मग कारखाने आले. त्यांतील पुष्कळ स्वस्त बुटांचे तळ शिवलेले नसून चिकटविलेले असतात. पाहणाऱ्याला दोहोंत फरक दिसत नाहीं; तो दिसतो बूट झिजल्यावर.

हातच्या बुटाचा तळ झिजला कीं पट्टीचे टांके कापावे, जुना तळ सोडवावा व नवा शिवावा. वरचें कातडें व आंतला तळ यांना हात लावावा लागत नाहीं. आंतल्या तळावर पायाचा ठसा उमटलेला असतो, तो तसाच राहतो. पट्टी जीर्ण झाली तर तीही बदलतां येते. अशा रीतीनें एकच बूट अनेकदां नवा होतो. खोगिराचेंही तसेंच. खालची लोकर झडली तर ती उसवून दुसरी लावतात, रिकिबीचे पट्टे बदलतात, तंगाच्या वाद्या बदलतात. सांगाडा मोडला तरच सारें खोगीर उकलावें लागतें.

येथें शिवणीची एक खुबी सांगण्याजोगी आहे. यंत्राच्या शिवणींत दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात; एक टांका तुटला कीं शेजारचेही सैल होतात. खोगीर करणारा एकाच दोऱ्याच्या दोन टोंकांना दोन सुया लावतो, आणि प्रत्येक छिद्रांतून दोन्ही सुया समोरासमोरून काढतो. एक टांका झिजून तुटला, तरी दुसरें टोंक आपल्या जागीं घट्ट असतें. वस्तु केव्हां तरी झिजणार, हें जाणूनच ही शिवण घातलेली असते.

आज हें काम हातानें करणारे कारागीर थोडे आहेत. त्यांतील नामांकितांकडे गिऱ्हाइकाला महिनोन् महिने वाट पाहावी लागते. खोगीर, लगाम व रुप्याचें काम करणाऱ्या कांहीं कारागिरांनीं १९९८ सालीं एक संस्था स्थापून नव्या उमेदवारांना शिकविण्याचें काम हातीं घेतलें. आपल्या देशांत कानपूर येथें घोड्यांच्या साजाचा मोठा धंदा असून तेथून परदेशीं खोगिरें जातात.

आमच्या कोपऱ्यावर

पुतण्याच्या बुटांचे तळ झिजले होते. अमेरिकेस परत गेल्यावर ते त्या वृद्ध कारागिराकडे पाठवावे असा त्याचा विचार होता. मीं सुचविलें, "आधीं आपल्या कोपऱ्यावरच्या मामांना दाखवूं." हे मामा म्हणजे तीस वर्षें आमच्या घरच्या चपला, दप्तरें व छत्र्या दुरुस्त करणारे चर्मकार. त्यांचे वडीलही तेथेंच बसत. माझ्या लहानपणीं त्या वडिलांपुढें चपला लांबून ठेवीत व पैसे वरून टाकीत, हें मला आठवतें. लिहितांना लाज वाटते, पण खोटें लिहवत नाहीं. मनुष्य चर्माचें काम करतो म्हणून त्याला दूर ठेवावयाचें, आणि त्यानें केलेली वहाण मात्र पायांत घालून देवदर्शनाला जावयाचें, यांत विसंगति आहे असें आमच्या घरांत कोणास तेव्हां सुचलें नाहीं. कोंकणांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं मेलेल्या गुरांचें कातडें स्वतः सोलून या समजुतीवर घाव घातला, तो इतिहास आम्हीं वाचला मात्र होता.

मामांनीं बूट हातांत घेतला, उलटा केला, तळावरून अंगठा फिरविला आणि बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "काका, हा हाताचा बूट आहे."

"कशावरून?"

"टांके बघा की. आणि इथं लाकडाच्या खुंट्या मारल्यात. आमच्या वडलांच्या हातच्या वहाणेत पण खिळा नसायचा, सगळी वादीची शिवण."

पुतण्यानें विचारलें, "मामा, तळ निघेल का?"

"निघावा म्हणूनच असा बसवलाय. ज्यानं केलाय, त्यानं पुढं दुरुस्त करणाऱ्याचा विचार आधी केलाय. आताचे बूट चिकटवलेले. उघडायला जावं तर फाटतात." असें म्हणून त्यांनीं रापी उचलली.

चार दिवसांनीं बूट तयार झाले. मामांनीं तळाचें चांगलें कातडें शोधून आणलें होतें, जुन्या छिद्रांतूनच आरी घालून नवे टांके घेतले होते, आणि टांचेचा झिजलेला थर बदलला होता. नळीच्या आंतलें नांव पाहून त्यांनीं विचारलें, "हे काय लिहिलंय?" पुतण्यानें सांगितलें, "माझं नांव आहे." मामा हंसले व म्हणाले, "मग बरोबर. माणसाची ओळख ठेवून काम केलंय."

पुतण्यानें दुरुस्त तळांचीं छायाचित्रें टेक्सासला त्या कारागिराकडे पाठविलीं. दुसऱ्याच दिवशीं त्याचें उत्तर आलें. काम पाहून आनंद झाला, जुनीं छिद्रें सांभाळलीं हें विशेष आवडलें, असें लिहून त्यानें शेवटीं एकच प्रश्न विचारला होता: हें काम करणाऱ्याचें नांव काय?

पुतण्यानें माझ्याकडे पाहिलें, मीं दादांकडे, दादांनीं वहिनींकडे. मातुश्रींनाही विचारून पाहिलें. तीस वर्षांत त्या गृहस्थांचें नांव आमच्या भरल्या घरांत कोणीं विचारलें नव्हतें. मी चपला पायांत सरकवून कोपऱ्यावर गेलों आणि विचारून आलों.